अकरा अंश

मालीमच्या जेटीवरची ही पेटी.
बारा वर्षं तिच्यात बांगडा निजला,
बर्फावर बर्फ, मधे एक थर मासळी.
लिलावात मी ती उचलली,
खाली चाकं लावली, बाजूला खिडकी कापली,
आत दोन फळ्यांचे पलंग, शेगडी,
शशिकलेची खवणी (ती कुठंही सोबत येते),
आणि तिनेच शिवलेला पडदा, पिवळ्या फुलांचा.
वास मात्र गेला नाही.
लिंबू झालं, सोडा झाला, धूप झाला.
ती म्हणते, तुम्हीच आत निजता,
वास जाईल कुठं?

एकतीस वर्षं मी बर्फ केला.
मिठाचं पाणी, अमोनियाच्या नळ्या, लोखंडी साचे;
रात्री दोनला लादी वर यायची
कडेला काच, मधोमध पांढरी.
तिला पाहायचा होता तो बर्फ हा नव्हे.
तिला पडणारा हवा होता.
कुणी न केलेला.
डॉक्टर म्हणाले, ह्या हृदयाला एवढी उंची नको.
कोणाच्या, ते आम्ही विचारलं नाही.
दोघांचेही कागद त्यांच्या टेबलावर होते.

म्हणून चोर्ला घाट.
म्हणून सुर्ल्याचा सडा, जानेवारीचा दुसरा आठवडा,
दुसऱ्या गिअरवर कण्हणारी जीप
आणि मागे, वळणावळणाला ओढ घेणारी आमची पेटी.
चाकांना दगड लावले.
कारखान्यातलं पितळी थर्मामीटर बाहेरच्या कडीला अडकवलं.
जन्मभर उणे दहा दाखवलेलं ते,
इथे अठरावर उभं, जरा ओशाळलेलं.

भिंतीत चार बोटं पफ आहे.
गारवा बाहेर जाऊ नये म्हणून भरलेला,
आज गारवा आत येऊ नये म्हणून राबतोय.
त्याला कुणी सांगितलं नाही
की काम बदललं.

बाराला पंधरा.
तिबेट्यांकडून घेतलेले दोन्ही स्वेटर तिने एकावर एक चढवले,
मी माकडटोपी.
तळपायांना काजूची फेणी चोळली,
उरलेली झाकणभर प्यायलो. ती बघत नव्हती असं म्हणू.
बेळगावहून भाजीचे ट्रक उतरत होते,
त्यांचा उजेड पडद्यावरच्या फुलांवरून सरकायचा
आणि म्हापशाच्या बाजाराकडे निघून जायचा.

दोनच्या सुमाराला तिच्या कपाळावर थेंब पडला.
पाऊस? तिनं विचारलं.
नाही. आपण.
आपलाच श्वास. वर गेला, पत्र्याला लागला, गार झाला, परत आला.
खिडकी बोटभर उघडायला हवी, मी म्हटलं.
उघडली तर थंडी येईल, ती म्हणाली,
नाही उघडली तर आपणच पडत राहू.
मग बराच वेळ
कोणीच हात पुढे केला नाही.

चारला अकरा.

उजाडता उजाडता बाबलो झोरे दूध घेऊन आला,
घोंगडीत गुंडाळलेला, फक्त नाक आणि किटली.
पेटीला एक फेरी मारली.
इतक्यात दोघं मावतात?
चारशे किलो मावायचे, मी म्हटलं.
तो हसला, म्हणाला, पण ते कुडकुडत नसतील.

मी दूध शेगडीवर ठेवलं.
तेवढ्यात तिनं हाक मारली.
बाहेर दगडावर आमचा मासळीचा डबा, रात्रभर उघड्यावर राहिलेला,
आणि आत कालची लादी, कोपरे अजून धारदार.
पणजीत एव्हाना पाणी झालं असतं.
तिनं ती दोन्ही हातांनी उचलली, मांडीवरच्या पिशवीवर ठेवली,
पायरीवर बसली, खवणी पायाखाली घेतली,
आणि नारळ खवावा तशी खवायला लागली.

पांढरं पडायला लागलं.
पायरीवर, चपलांवर, लाल मातीवर,
माझ्या अंगठ्यावर, जिथे ते लगेच मेलं.
पडतोय, ती म्हणाली.
हात लाल झाले तरी थांबली नाही.
बाबलो किटली धरून उभा.

आत दूध उतू गेलं, वास आला.
कोणी उठलं नाही.